तपकिरीच्या डबीतले यू

“यातला यू कुठं गेला?”

कोरगावकर साहेबांनी प्रुफाचा कागद माझ्या नाकासमोर फडकवला. त्यांच्या हातात निळी पेन्सिल होती. निळी पेन्सिल म्हणजे विलायत आणि लाल पेन्सिल म्हणजे अमेरिका, एवढा भूगोल मला तीन आठवड्यांत पाठ झाला होता.

“डबीत आहे, साहेब.”

“कसल्या डबीत?”

मी खिशातून तपकिरीची डबी काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढं धरली. आत सत्तेचाळीस यू होते. शिशाचे, दहा पॉइंट मापाचे, अंगाला तपकीर लागलेले. साहेब बघायला खाली वाकले आणि असे शिंकले, की टेबलावरचे चार कागद खिडकीतून थेट उद्यमनगरच्या रस्त्यावर गेले.

“शिरीष साहेबांनी परवा काढायला लावले,” मी म्हणालो. “कलरमधला काढला, मोल्डमधला काढला, गेजमधला काढला. तुम्ही आज परत मागणार हे ठाऊक होतं. खान्यात टाकून पुन्हा वेचत बसण्यापेक्षा म्हटलं खिशात असू देत.”

“गेजमधलासुद्धा काढला?” साहेब नाक पुसत म्हणाले. “मग तो गेज तरी राहिला का रे?”

“दाब तेवढाच दाखवतो की, साहेब.”

हे बोलायला नको होतं. साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, चष्मा काढला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

“तुझं शिक्षण किती?”

“चौथी.”

“इंग्रजी चौथी?”

“मराठी चौथी, साहेब.”

“म्हणजे तुला इंग्रजी येत नाही?”

“जुळवता येतं.”

“आणि वाचता?”

“वाचायचं काम तुमच्याकडं आहे, असं अण्णा म्हणाले होते.”

साहेबांनी निळ्या पेन्सिलीनंच एक चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि माझ्याच हातात दिलं. “उपाध्यांना दे,” म्हणाले. आपलीच फाशीची चिठ्ठी आपण सायकलवरून पोचवायची, असा तो प्रकार होता. तो मंगळवार होता.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालची. माझी आता ऐंशी उलटली. आमची ही म्हणते, यांच्या गोष्टीतलं निम्मं कमी करून ऐकत जा. बाकीच्या गोष्टींचं तुम्ही काय ते बघा, पण या गोष्टीतलं एक अक्षर कमी करू नका. अक्षरांनी आधीच फार सोसलंय हिच्यात.

तेव्हा कोल्हापुरात शाहूपुरीत बळवंतअण्णा उपाध्ये यांचा छापखाना होता आणि त्यात मी, बाळगोंडा मगदूम, इंग्रजी केसवर कंपोझिटर होतो. आताच्या पोरांना सांगावं लागतं: तेव्हा एकेक अक्षर शिशाचं असायचं. त्याला आम्ही खिळा म्हणायचो. लाकडी केसमध्ये खाने, खान्यात खिळे, ते एकेक उचलून ओळ लावायची. आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. उलटं लावलं तरच कागदावर सुलटं उठतं. दहा वर्षं मी उलटं बघत होतो. इतकं, की रस्त्यावरची सुलटी पाटी वाचायची तर मला मान वाकडी करावी लागायची.

इंग्रजीचं एक अक्षर कळत नसताना मी तासाला हजार खिळे लावायचो. लिहून आलेला कागद समोर, डोळा कागदावर, हात केसवर. अर्थाचा अडथळाच नाही. ज्यांना इंग्रजी यायचं त्यांचा हात अडायचा. ते वाचत बसायचे.

आणि मान तर विचारू नका. मराठी केसवरचे लोक लग्नपत्रिका लावायचे, मी इंग्रजी लावायचो. माझे सासरे शिरोळचे. त्यांनी मुलगी दिली ती गावभर एकच वाक्य सांगत: “जावई इंग्रजीत असतो.”

अण्णांनी चिठ्ठी वाचली आणि पुन्हा घडी केली.

“बाळगोंडा, तू गेजबद्दल काय बोललास?”

“दाब तेवढाच दाखवतो म्हणालो.”

“बरोबर आहे. पण तुला कोणी विचारलं होतं?” अण्णा कपाळ चोळत म्हणाले. “साहेब लिहितो, ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या हातात आमचा कॅटलॉग नको. शनिवारी तुला घेऊन बोलावलंय. शनिवारी ‘छापावे’ मिळालं तर मिळालं. नाही तर काम पुण्याला, आणि तू...”

“मी कुठं?”

“तू पत्रिकांवर. ते काम गेलं तर इंग्रजी केस ठेवून मी तरी काय करू? तिच्यात भाजी भरू?”

‘छापावे’चं सांगायला हवं. छापखान्याचा एक रिवाज असतो. प्रूफ गिऱ्हाईकाकडं जातं, तो चुका काढतो, आम्ही दुरुस्त करतो, प्रूफ पुन्हा जातं. शेवटी गिऱ्हाइकानं कागदाच्या कोपऱ्यात ‘छापावे’ असं लिहून सही केली, की मगच फर्मा, म्हणजे चौकटीत बांधलेली पानं, मशीनवर चढतो. ते एक शब्दाचं फर्मान नसेल तर देव आला तरी मशीनचं चाक फिरत नाही. आणि शिंत्र्यांच्या कॅटलॉगावर अकरा वेळा प्रूफ जाऊन तो शब्द काही उमटत नव्हता.

रावसाहेब शिंत्रे यांचा उद्यमनगरात पंपांचा कारखाना. स्वतः लोहारकामातून वर आलेला माणूस, हाताची बोटं पान्यासारखी. नैरोबीच्या मगनभाई नावाच्या व्यापाऱ्यानं पत्र पाठवलं होतं, की तीनशे पंप हवेत, सोमवारी कोल्हापुरात येतो, माल बघतो आणि छापील कॅटलॉग घेऊन जातो. पत्रात त्यानं एक ओळ लिहिली होती, ती रावसाहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवली: चित्र मोठं काढा, आमच्याकडचे मिस्त्री चित्र बघूनच पंप बसवतात.

ही ओळ कोणी ऐकली नाही. कारण कॅटलॉगाचं इंग्रजी दोघांच्या ताब्यात होतं. कोरगावकर साहेब कारखान्याचे मॅनेजर, मँचेस्टरला आठ वर्षं राहून आलेले. चहा पितानाही टाय. आणि शिरीष साहेब म्हणजे रावसाहेबांचा सख्खा पुतण्या, ओहायोहून नुकताच इंजिनियर होऊन आलेला, बाह्या कोपरापर्यंत वर. प्रूफ आधी कोरगावकरांकडं जायचं. ते निळ्यानं यू घालायचे. मग शिरीषकडं, तो लालनं काढायचा. मग पुन्हा निळं. मी सायकलवरून शाहूपुरी ते उद्यमनगर इतक्या खेपा घातल्या, की सायकल एकटी गेली असती तरी पोचली असती.

भांडण नुसतं यूचं नव्हतं. अॅल्युमिनियममध्ये एक आय जास्त की कमी यावर एक आख्खी सकाळ गेली. आणि ‘मीटर’वर तर कळस झाला.

“लांबीचा मीटर वेगळा, मोजायच्या यंत्राचा मीटर वेगळा,” कोरगावकर म्हणाले. “एकाला आर आधी, दुसऱ्याला ई आधी. एवढं साधं आहे.”

“अमेरिकेत दोन्ही एकच,” शिरीष म्हणाला. “आणि अमेरिकेत दोन्ही चालतात.”

“अमेरिकेचं अमेरिकेत. नैरोबीत साहेबाचं इंग्रजी चालतं.”

“साहेब गेला तिथून, कोरगावकर! सहा वर्षं झाली. आता सगळे नवे टेक्निकल शब्द आमच्याकडून येतात.”

“तुमच्याकडून म्हणजे? तू शिरोली नाक्याचा की ओहायोचा?”

रावसाहेब मध्ये बसून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं मान वळवायचे. त्यांचं शिक्षण माझ्याएवढंच.

दुसऱ्या आठवड्यात पंपाचं मोठं चित्र आलं. कोरगावकरांनी स्वतः काढलेलं, काळ्या शाईनं, बघत राहावं असं. पंप समोरून, पुढं पाणी ओढायचं भोक, एका बाजूला पाणी फेकायचं तोंड, वर चाक कुठल्या अंगाला फिरतं त्याचा ठळक बाण. आणि चित्रात जागोजागी भागांची नावं. त्यातल्या ‘फायबर वॉशर’वर दोघांची जी जुंपली! आर आधी की ई आधी. एक तास झाला. शेवटी रावसाहेबांनी टेबलावर थाप मारली.

“बास! चित्रातली सगळी अक्षरं पुसा. एक ठेवायचं नाही. नावं खाली छापखान्याच्या खिळ्यांनी घाला, आणि काय दंगा घालायचा तो खाली घाला. माझ्या पंपाला त्यात ओढू नका.”

अक्षरं पुसली गेली. नुसतं चित्र पुण्याला ब्लॉक करायला गेलं. ब्लॉक म्हणजे जस्ताचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर बसवलेला. त्यावर चित्र कोरून येतं, तो खिळ्यांच्या मध्ये बसवायचा आणि छापायचं. कोल्हापुरातही होतं की ब्लॉक करणारं दुकान, पण कॅटलॉग परदेशी जाणार, म्हणून पुणं.

गुरुवारी ब्लॉक आला. मी पुडकं सोडलं, ब्लॉक हातात घेतला आणि मला फार बरं वाटलं. हुबेहूब तोच पंप! कारखान्यात कोरगावकरांच्या खोलीबाहेर एक बाक होता, आणि बाकासमोर चौथऱ्यावर एक हिरवा पंप शोभेला ठेवला होता. आतमध्ये दोघं भांडत असताना मी त्या बाकावर बसून तो पंप इतके तास पाहिला होता, की त्याचा प्रत्येक नट माझ्या ओळखीचा. आणि ब्लॉकवर तोच, तसाच, तोंड उजवीकडं. मी मराठी केसवरच्या लोकांनासुद्धा बोलावून दाखवला. मग फर्म्यात बसवला, प्रूफ काढलं, ते दोघांकडं गेलं. निळं होऊन आलं, लाल होऊन आलं. चित्रावर कुणाचीच खूण नव्हती. अण्णा म्हणाले, “चला, एवढं तरी पास झालं.”

शनिवारी सकाळी दहा वाजता अण्णा आणि मी कारखान्यात गेलो. अण्णांना आत बोलावलं, मला बाकावर बसवलं. आतून आवाज येत होता. आज दोघं भांडत नव्हते, माझ्याबद्दल बोलत होते. माझ्या मांडीवर बारावं प्रूफ, समोर हिरवा पंप. मी मनात सासऱ्यांना काय सांगायचं त्याची ओळ जुळवत होतो, पण ‘जावई पत्रिकेत असतो’ हे कानाला बरं लागेना.

मी पंपाकडं बघितलं. प्रुफाकडं बघितलं. पुन्हा पंपाकडं.

चौथऱ्यावरच्या पंपाचं तोंड गेटाकडं होतं, माझ्या उजव्या हाताला. प्रुफातल्या पंपाचं तोंड डावीकडं, साहेबांच्या दाराकडं.

मग मला गुरुवारचा आनंद आठवला. ब्लॉक हुबेहूब दिसला होता. अरे, हुबेहूब दिसला म्हणून मी नाचलो? छापखान्यात हातातली जी वस्तू सुलटी दिसते ती चुकलेली असते! हे मला दहा वर्षं ठाऊक होतं, आणि अक्षर सोडून चित्र हातात आलं तेव्हा मी ते सपशेल विसरलो.

“मगदूम! आत ये.”

मी आत गेलो तेव्हा, खोटं वाटेल, मला हसू आवरत नव्हतं. रावसाहेब मध्ये, एकीकडं कोरगावकर, दुसरीकडं शिरीष, कोपऱ्यात अण्णा पडलेल्या चेहऱ्यानं. कोरगावकरांनी इंग्रजी वर्तमानपत्र पुढं केलं.

“पहिली ओळ वाच.”

“येत नाही, साहेब.”

“दुसरी?”

“तीही येत नाही.”

शिरीष फिसकन हसला. “काका, हा माणूस सोळा पानं इंग्रजी कसं लावतो?”

“सर्कशीत हत्ती सायकल चालवतो तसं,” कोरगावकर म्हणाले.

रावसाहेब मात्र हसले नाहीत. “काय रे,” ते म्हणाले, “तू चौथी, मी चौथी. पण मी पंपाचं काम करतो, पंप कळतो मला. तुला काय कळतं ते तरी सांग.”

“मला वाचता येत नाही, रावसाहेब. बघता येतं.” मी प्रूफ उघडून चित्राचं पान त्यांच्यापुढं ठेवलं. “मगनभाईंचे मिस्त्री चित्र बघून पंप बसवतात असं पत्रात होतं. तर एकदा हे चित्र बघून एक पंप जोडून दाखवा. पाणी बरोबर आलं तर मी आजपासून पत्रिकांवर. सोन्याची शाई दिलीत तरी इंग्रजी केसला हात लावणार नाही.”

“बाळगोंडा!” अण्णा कोपऱ्यातून म्हणाले.

“चित्र माझ्या हातचं आहे,” कोरगावकर ताठ झाले. “चित्रात चूक नाही.”

“चित्र बरोबर आहे, काका,” शिरीष म्हणाला. “मी चार वेळा पाहिलंय.”

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. रावसाहेबांनी दोघांकडं बघितलं. त्यालाच ते घाबरले असावेत. उठले आणि म्हणाले, “चला टेस्टिंगला.”

टेस्टिंग शेडमध्ये एक मोठा हौद होता आणि हौदापलीकडं भिंत. भिंतीवर चुन्यानं एक आडवी रेघ मारलेली. शिंत्र्यांचा पंप चालू झाला, की धार त्या रेघेवर आदळली पाहिजे, तरच माल बाहेर. तिथं दस्तगीर मिस्त्री होते. वीस वर्षं त्यांनी पंप जोडले होते, डोळे बांधले तरी जोडले असते.

“मिस्त्री,” रावसाहेब म्हणाले, “तुम्ही आज नैरोबीचे. पंप कधी बघितलेला नाही. हे चित्र, हा पंप, ही मोटर. चित्रात आहे तसं जोडायचं.”

दस्तगीर मिस्त्रींनी चित्र बघितलं. पंप बघितला. पुन्हा चित्र बघितलं. मान खाजवली.

“मालक, पण...”

“पण नाही. चित्र.”

“चित्रात तोंड डाव्या अंगाला हाय, पंपाचं उजव्या. आता कापून हिकडं डकवू काय?”

“मागच्या बाजूनं काढलंय ते!” कोरगावकर चित्राकडं न बघताच म्हणाले. “तोंडाचं सोड, बाण बघ.”

“रिअर व्ह्यू,” शिरीषनं मान हलवली. दुसरं एकमत.

“बाण बगून वायर जोडली तर मोटर उल—”

“मिस्त्री, तुम्ही नैरोबीचे,” रावसाहेब म्हणाले. “नैरोबीचा माणूस मराठीत बोलत नाही. जोडा.”

दस्तगीर मिस्त्रींनी ओठ मिटले आणि वायरी जोडल्या, बाण दाखवत होता त्या अंगाला मोटर फिरेल अशा. मग माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, “पावनं, जरा मागं सरून उभं ऱ्हावा.”

बटण दाबलं. मोटर गुरगुरली. पंप थरथरला. तोंडातून पाणी आलं, पण कसं? जसं म्हातारं माणूस चूळ टाकतं. चुन्याच्या रेघेपर्यंत जायचं राहिलं, धार हौदाच्या काठावरून खाली ओघळली आणि तिथंच उभ्या असलेल्या कोरगावकरांच्या बुटांत गेली. मँचेस्टरचे बूट होते ते. मग पंपाच्या पोटात खडखड झाली, एकदा, दोनदा, आणि कोणी डब्यात दगड घालून हलवावा तसा आवाज सुरू झाला.

“बंद कर! बंद कर!” रावसाहेब स्वतः धावले.

दस्तगीर मिस्त्रींनी झाकण खोललं आणि आतला चाकाचा नट हातावर घेऊन दाखवला. सुटून आला होता.

“उलटं फिरलं की ह्यो सुटतोच,” ते म्हणाले. “आता बोललं तर चालंल न्हवं? का अजून नैरोबीलाच हाय मी?”

“पण बाण...” कोरगावकर म्हणाले.

“साहेब,” मी म्हणालो, “चित्र मागच्या बाजूनं काढलंय, तर पाणी ओढायचं भोक पुढं कसं दिसतंय?”

शिरीष पळत ऑफिसात गेला आणि कपाटातून मूळ चित्र घेऊन आला. हौदाच्या कठड्यावर त्यानं ते प्रुफाशेजारी ठेवलं. मूळ चित्रात तोंड उजवीकडं, बाण उजव्या अंगानं. प्रुफात तोंड डावीकडं, बाण डाव्या अंगानं. दोन पंप एकमेकांकडं बघत होते, नवरा-नवरीसारखे.

“ब्लॉकवाल्यानं चित्राच्या फोटोची फिल्म पालथी घातली,” मी म्हणालो. “ब्लॉकवर चित्र उलटं पाहिजे, म्हणजे कागदावर सुलटं उठतं. आपला ब्लॉक हातात धरला तर सुलटा आहे. गुरुवारी मीच बघितला आणि मीच खूश झालो. माझीही चूक आहे ती.”

“तीनशे पंप,” रावसाहेब हळूच म्हणाले. “तीनशे पंप आफ्रिकेत हे असे खडखडले असते. वर माझं नाव कोरलेलं.”

दस्तगीर मिस्त्रींनी तो नट हौदाच्या कठड्यावर ठेवला.

“पण मी म्हणतो,” ते पुढं म्हणाले, “पुण्यात त्याला दिसलं नाही, इथं तुम्हाला दिसलं नाही, हे झालं कसं? चित्रात एक जरी अक्षर असतं...”

ते मध्येच थांबले. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. त्यांनी पान्यासारखी बोटं कपाळाला लावली आणि हसायला लागले. आधी गालात, मग पोट धरून, मग हौदाच्या कठड्याला टेकून.

“एक जरी अक्षर असतं तर पहिल्याच दिवशी उलटं दिसलं असतं! आणि पुसायला कुणी सांगितलं? मी! कशापायी? तुमच्या फायबरपायी!”

शिरीष हसायला लागला. दस्तगीर मिस्त्री हसले. अण्णा हसले ते खोकेपर्यंत. कोरगावकर बराच वेळ बुटातलं पाणी काढत होते. मग त्यांनीही रुमाल तोंडाला लावला. आतून हसत होते की शिंकत होते, ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढचं सोमवारचं आधी सांगून टाकतो. मगनभाई आले, ठेंगणे, डोक्यावर टोपी, हातात कागदाची पिशवी. कॅटलॉग हातात घेतला, पहिलं पान बघितलं नाही, दुसरं बघितलं नाही, थेट चित्राचं पान उघडलं. बोट बाणावरून फिरवलं, मग शेडमधल्या पंपावरून फिरवलं. “बराबर छे,” म्हणाले आणि चहा मागितला. आत सोळा पानं इंग्रजी आहे याची त्यांना शेवटपर्यंत खबर होती की नाही, देव जाणे. तीनशे पंप ठरले होते ते पाचशे झाले. आमची ही म्हणते चारशे. ती तिथं नव्हती.

पण खरी गोष्ट सोमवारची नाही, रविवारची आहे.

ब्लॉक कोल्हापुरातल्याच दुकानात नवा करून घेतला. रविवारी दुपारी तो माझ्या हातात आला आणि मला अजिबात ओळखीचा वाटला नाही. तोंड भलतीकडं, बाण भलतीकडं. म्हटलं, आता जमलं. फर्मा बांधला. दोन वाजता रावसाहेब स्वतः छापखान्यात आले, मागं दोन्ही साहेब. दोघांच्या खिशाला पेन्सिली होत्या, पण खिशातच. शेवटचं प्रूफ मी दगडी टेबलावर ठेवलं.

“चित्र?” रावसाहेबांनी विचारलं.

“बरोबर.”

“आणि त्या यूचं काय झालं?”

मी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. कोरगावकर दोन पावलं मागं सरकले.

“पहिल्या आठ पानांत सगळे यू आहेत,” मी सांगितलं. “पुढच्या आठांत एकही नाही. शनिवारपर्यंत साहेबांची निळी पेन्सिल तिथवर पोचली होती. घालायचे असतील तर डबीत यू आहेत. काढायचे असतील तर डबीत जागाही आहे.”

कोरगावकरांनी श्वास घेतला. शिरीषनं श्वास घेतला. रावसाहेबांनी एक हात वर केला आणि दोघांचे श्वास जागच्या जागी राहिले.

“राहू दे,” ते म्हणाले. “अर्धी विलायत, अर्धी अमेरिका. मध्ये माझा पंप.”

“मग ‘छापावे’ लिहा, रावसाहेब,” अण्णांनी दौत पुढं केली. “बाळगोंडाला चाक फिरवता येत नाही त्याशिवाय.”

रावसाहेबांनी हात पुढं केला तो दौतीकडं नाही. कोरगावकरांच्या खिशातून त्यांनी निळी पेन्सिल काढली, शिरीषच्या खिशातून लाल. दोन्ही डबीशेजारी ठेवल्या. अण्णांच्या कानावरची साधी काळी शिसपेन्सिल उचलली आणि माझ्यापुढं धरली.

“तू लिही.”

“मी? मी तर छापखान्याचा माणूस. ‘छापावे’ गिऱ्हाइकानं लिहायचं असतं.”

“ज्यानं नीट बघितलं त्यानं लिहायचं. लिही.”

माझा हात तासाला हजार खिळे लावणारा, पण तेव्हा तो असा जड झाला, जणू सोळा पानांचा फर्मा उचलतोय. कोपऱ्यात लिहिलं: छापावे. खाली सही केली, बा. आ. मगदूम. दहा वर्षांत मी लिहिलेला तो पहिला सुलटा शब्द असावा.

कोरगावकरांनी चष्मा लावला आणि कोपऱ्यावर वाकले.

“कोरगावकर,” रावसाहेब म्हणाले, “यात यू नाही.”

साहेब मुकाट्यानं सरळ झाले. पण अण्णा जुन्या शाळेत शिकलेले. ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांना राहवलं नाही.

“बाळगोंडा, वे-वर टिंब राहिलं की रे. आमच्या वेळी द्यायचे.”

“ते टिंब आता गेलं म्हणतात, अण्णा.”

“कुणी काढलं? आणि कशाला—”

मी तपकिरीच्या डबीचं झाकण लावलं आणि मशीनचं चाक फिरवलं.